मटण म्हणजे नेमकं कोण?

इंग्रजी रेसिपी वाचताना आपली गाडी मसाल्यांवर अडत नाही, अडते ती मटणावर. शँक, लॉइन, ब्रेस्ट, स्पॅचकॉक... डिक्शनरीत अर्थ सापडतो हो, पण तो घेऊन खाटकाकडे मागायचं काय? गंमत म्हणजे हा प्रॉब्लेम आपल्या पुणे जिल्ह्यात दोनशे वर्षांपूर्वीच येऊन गेलाय. आधी शिरूरला, मग दौंडला.

१८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांच्या फौजेची छावणी शिरूरला, म्हणजे घोडनदीच्या काठी पडली. १८१७ च्या ३१ डिसेंबरला कॅप्टन स्टाँटन कोरेगावकडे निघाला तो इथूनच. आता छावणी म्हटली की नुसत्या तोफा नसतात, साहेबाचं जेवणही आलं. पुढे १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली, दौंडचं जंक्शन झालं आणि तिथल्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबं आली. म्हणजे पुन्हा तेच. मागणी इंग्रजीत, बाजार मराठीत, आणि मध्ये बिचारा खानसामा!

साहेबांनी त्यांची बाजू व्यवस्थित लिहून ठेवलीय. १८७८ मध्येच कर्नल केनी-हर्बर्टचं 'कलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास' आलं. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात तर 'सडन डेथ' नावाची नोंद आहे. ही म्हणजे डाकबंगल्यातली ठरलेली कोंबडी. साहेब उतरला की तिची शंभरी भरली! मधोमध चिरायची, पसरट करायची आणि भाजायची. स्पॅचकॉक म्हणतात ते हेच.

पण खरा घोळ 'मटण' या शब्दातच आहे. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते आले. त्यानंतर कुरणातली मेंढी इंग्रजीच राहिली, ताटातली मात्र फ्रेंच झाली. तेच 'मटन'. तिकडे मटन म्हणजे मोठी मेंढी, आणि वर्षाच्या आतलं ते लँब. आपल्याकडे मटण म्हटलं की बहुतेकदा बोकड. पण शिरूरहून पुण्याला येताना वाघोलीजवळ आत वाडे बोल्हाई लागतं. बोल्हाई देवीला मानणारे बोकड खात नाहीत, मेंढी खातात. म्हणून तर पुण्यात 'बोल्हाईचे मटण' अशा पाट्या दिसतात. थोडक्यात, इंग्रजी रेसिपीतलं मटन म्हणजे आपलं बोल्हाईचं मटण. हे कुठल्या डिक्शनरीत मिळणार?

आता तुकड्यांचं. लेग म्हणजे मांडी, ब्रेस्ट म्हणजे सीना, लॉइन आणि फासळ्यांकडचे तुकडे म्हणजे चाप, शँक म्हणजे गुडघ्याखालची मांसासकट नळी. पण हे वन-टू-वन मॅपिंग पुरत नाही, कारण कापण्याचा हेतूच वेगळा. त्यांना अख्खी मांडी भाजायची असते, आपल्याला तिचे हाडासकट तुकडे करून रस्सा करायचा असतो. त्यामुळे नाव शोधण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा. हा भाग जिवंतपणी किती राबला? पाय दिवसभर चालतो, म्हणून नळी चिवट. ती मंद आचेवर दोन-तीन तास शिजली की त्यातला चिकट भाग विरघळून रस दाट होतो. पाठ फारशी राबत नाही, म्हणून चाप पटकन होते. आणि बोकडात मेंढीपेक्षा चरबी कमी, त्यामुळे रेसिपीतली वेळ जशीच्या तशी पाळली तर मटण कोरडं पडतं.

शिरूर-दौंडच्या खानसाम्यांना हे रोजच्या कामात कळलंच असणार. त्यांचं पुस्तक काही आपल्या हातात नाही, कोशात नोंद झाली ती साहेबाच्या विनोदाची. पण अशाच स्वयंपाकघरांमधून एक शब्द आपल्यापर्यंत पोचलाय. कटलेट! मूळ फ्रेंच अर्थ 'छोटी फासळी'. आपल्याकडे त्यातलं हाड गेलं, मग मांसही गेलं, आणि बटाटा आला. याला चुकीचं भाषांतर म्हणायचं तर म्हणा. मला तरी ते त्या निनावी माणसांचं सगळ्यात यशस्वी भाषांतर वाटतं.

असो. या रविवारी खाटकाकडे जाल तेव्हा शँक मागू नका. नळी मागा, आणि गॅस बारीक ठेवा!