आग्वादचा दिवा, मुरगावचं बंदर आणि आमचे तांडेल

मंडळी, आम्हा गोव्यातल्या जुन्या मराठी घरांना दर्याचे दोन शेजारी. एक 1864 सालचा आग्वादचा दीपस्तंभ, दुसरं मुरगावचं बंदर. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळू साचते, पणजीला जहाज आणणं जिवावरचं काम, मुरगाव आडोशाला. म्हणून 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर बंदर आणि रेल्वे, दोन्हींचं कंत्राट लंडनच्या एका कंपनीला मिळालं. पोर्तुगीज सरकारनं तिला हमी दिली आणि 1888 मध्ये रूळ कॅसलरॉकला भिडले.

सरकारी राजपत्र तर 1837 पासून निघत होतं. पण कामाचा लिलाव असो की दर्यावर्द्यांना इशारा, सरकारची भाषा पोर्तुगीज. आमचा तांडेल ती कुठे वाचणार? त्याचा इशारा तोंडीच असायचा: नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही. माझे आजोबाही हेच सांगायचे.

कंत्राटं दप्तरात राहिली. तांडेलांची नावं मात्र घरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडीच आहेत. ती माणसं आहेत तोवर विचारा आणि लिहून ठेवा.