मेथिलडोपा

उच्च रक्तदाबावरील औषध. आज त्याचा मुख्य वापर गरोदरपणात होतो. कन्नड तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात तपासणीच्या दिवशी गरोदर बाईच्या दंडाला पट्टा बांधला आणि बीपी १४०/९० च्या वर भरला, तो पुन्हा मोजूनही उतरला नाही, तर डॉक्टर ज्या मोजक्या गोळ्यांचा विचार करतात त्यांत २५० मिलिग्रॅमची ही गोळी असते. मात्र गोळीत असते ते द्रव्य स्वतः रक्तदाब उतरवत नाही. ते मेंदूत शिरते, तिथल्या चेतापेशींत त्याचे आधी मेथिलडोपामिन आणि मग मेथिलनॉरअॅड्रेनालिन होते, आणि खरे काम हे शेवटचे द्रव्य करते. मूळ औषध रक्तातून काही तासांत ओसरते, तरी परिणाम पुढे बराच वेळ टिकतो, त्याचा उलगडा यातूनच होतो.

१९६० साली रुग्णांवर गुण दिसला तेव्हा समज वेगळा होता: हे औषध एका विकराला (एन्झाइमला) अडवते, म्हणून रक्तवाहिन्या आवळणारे नॉरअॅड्रेनालिन कमी तयार होते. पुढे मत आले की शरीरभरच्या चेतातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रेनालिनच्या जागी एक दुबळे, नकली द्रव्य साठते. हे मत वजनदार आहे, कारण मेथिलनॉरअॅड्रेनालिन तिथेही बनतेच. पण ते दुबळे नाही. रक्तवाहिन्या ते चांगलेच आवळते. निर्णायक पुरावा प्राण्यांवरच्या प्रयोगांतून मिळाला. मेंदूच्या तळाकडे जाणाऱ्या धमनीत औषधाची अल्प मात्रा दिली तरी दाब उतरला. औषधाचे रूपांतर करणाऱ्या त्याच विकराला फक्त मेंदूबाहेर रोखले तर गुण कायम राहिला. मेंदूतही रोखले तेव्हा नाहीसा झाला. मग आवळणारे द्रव्य दाब उतरवते कसे? फरक जागेचा आहे. मस्तिष्कस्तंभातल्या अल्फा-२ ग्राहींना ते चेतवते आणि तिथून हृदयाला व रक्तवाहिन्यांना जाणारे उत्तेजक संदेश मंदावतात. मुंबईचे रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ज्या सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अनुभव जगापुढे मांडला, तिच्यातल्या रेसरपिनची तऱ्हा निराळी: ते चेतातंतूंतला साठाच रिकामा करते.

गरोदरपणात नव्या औषधांपुढेही मेथिलडोपा टिकले, कारण ते घेतलेल्या मातांच्या मुलांची वाढ साडेसात वर्षांपर्यंत तपासलेली आहे. पूर्ण गुण यायला दोन-तीन दिवस लागतात. गुंगी, कोरडे तोंड आणि उदासपणाही येऊ शकतो; गुंगी आणि उदासपणाचे मूळ मेंदूतल्या त्याच कामात आहे. ही गुंगी बाईला आधीच सांगायला हवी, नाहीतर पहिल्याच दिवशी गोळी सुटते. बाळंतपणानंतर उदासपणाची भीती वाढते, म्हणून तेव्हा डॉक्टर शक्यतो दुसरे औषध सुरू करतात.