परवडणारा कॅमेरा : विश्रांतवाडीच्या पालखीमार्गावरून

पुण्याच्या ईशान्येस आळंदी रस्त्यावर वसलेल्या विश्रांतवाडीतून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याकडे जाते. तिचे आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होत असल्याने त्या सुमारास आभाळ बहुधा भरून आलेले असते, उजेड मंद असतो आणि दिंड्या थांबत नाहीत. कमी उजेड आणि चालता माणूस या दोन गोष्टी साध्या कॅमेऱ्याला सर्वांत अवघड जातात. म्हणून सामान्य कुटुंबाला परवडणाऱ्या कॅमेऱ्याचा इतिहास तपासण्यास हा रस्ता योग्य ठिकाण आहे. त्या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते: कॅमेरा परवडतो की नाही, हे त्याच्या किमतीपेक्षा एकेका छायाचित्रामागे येणाऱ्या आणि ते टिकवण्यास लागणाऱ्या खर्चावरून ठरत आले आहे.

महाराष्ट्रात छायाचित्रण आले ते संस्था आणि सधन हौशी मंडळींच्या हाती. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते; परंतु रसायने आणि अंधारखोली यांच्याशिवाय तेव्हा एकही चित्र निघत नसे. जॉर्ज ईस्टमन यांच्या कोडॅक कंपनीने 1900 मध्ये एका डॉलरला ‘ब्राउनी’ हा पेटीच्या आकाराचा साधा कॅमेरा विक्रीस आणला आणि गुंडाळलेल्या फिल्मचा, म्हणजे रोलचा, वापर घरोघर नेला. कॅमेरा स्वस्त विकावा आणि नफा वारंवार लागणाऱ्या रोलमधून मिळवावा, ही व्यापाराची रीत येथून रुजली आणि पुढील शंभर वर्षे टिकली.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आल्यावर भारतीय मध्यमवर्गाच्या हाती वडोदऱ्यात तयार होणारा ‘अग्फा क्लिक थ्री’ आला. त्याच्या रोलवर बारा चौरस चित्रे निघत. उटी येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात 1967 पासून फिल्मचे उत्पादन सुरू झाले आणि ‘इंदू’ हे देशी नाव त्यातून रूढ झाले. बाराच चित्रे हाताशी असल्याने प्रत्येक वेळी बटण दाबण्यापूर्वी विचार करावा लागे. शिवाय साध्या भिंगाच्या अशा कॅमेऱ्याला भरपूर ऊन लागत असल्यामुळे ढगाळ दिवशी दिंडी अस्पष्ट येण्याचा धोका असे, आणि रोल धुऊन प्रिंट हाती येईपर्यंत तो धोका कळतही नसे. पुढे ‘हॉट शॉट’ आणि 1990 च्या दशकात ‘कोडॅक केबी टेन’ यांसारख्या, अंतर जुळवण्याची गरज नसलेल्या कॅमेऱ्यांनी वापर सोपा केला. 35 मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस चित्रे मिळू लागली, तरी रोल, धुलाई आणि प्रिंट हा खर्च कायम राहिला.

या रचनेला धक्का दिला तो फिल्मऐवजी प्रकाशाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणाऱ्या संवेदकाने, म्हणजेच सेन्सरने. त्याचा सीसीडी हा प्रकार 1969 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी मांडला, तर 1975 मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन यांनी सुमारे साडेतीन किलो वजनाचा पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्यात एक चित्र कॅसेटवर नोंदवण्यास 23 सेकंद लागत. 1995 मधील कॅसिओ क्यूव्ही टेन या कॅमेऱ्याच्या पाठीमागे पडदा असल्याने चित्र तत्काळ पाहता येऊ लागले. चूक जागीच कळू लागली आणि बटण दाबण्याचा वाढीव खर्च जवळजवळ शून्यावर आला.

खर्च अशा रीतीने यंत्रात एकवटल्यावर निवडीचे निकषही बदलले. चित्रातील बिंदूंची संख्या दाखवणारा मेगापिक्सेल हा आकडा जाहिरातीत सर्वांत ठळक असे. पण चार गुणिले सहा इंचांच्या प्रिंटला, प्रत्येक इंचात तीनशे बिंदू धरले, तर सुमारे 22 लाख बिंदू पुरतात, आणि ए-फोर आकाराच्या प्रिंटलाही सुमारे 87 लाख. मंद उजेडात खरा फरक पडतो तो संवेदकाच्या क्षेत्रफळाने. खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यातील संवेदक साधारण 6 गुणिले 4.6 मिलिमीटरचा असतो, तर भिंग बदलता येणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांतील सुमारे 23.5 गुणिले 15.6 मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास तेरापट मोठा असतो. त्यामुळे ढगाळ दिवशी चालती दिंडी टिपताना छोट्या संवेदकाच्या चित्रात दाणे उमटतात. भिंग सरकवून दूरचे जवळ आणणारा प्रकाशीय झूम खरा तपशील देतो, तर डिजिटल झूम केवळ चित्राचा मधला भाग कापून मोठा करतो. कॅनन पॉवरशॉटच्या ए मालिकेतील अनेक कॅमेरे पेन्सिल सेलवर चालत आणि ते सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळत, ही सोय रोजच्या वापरात मोलाची होती.

खडकीची छावणी, लोहगावचा हवाई तळ आणि दिघीतील संरक्षण संशोधनसंस्था यांच्या सान्निध्यामुळे विश्रांतवाडी परिसरात कॅमेरा कोठे रोखू नये, याचेही भान ठेवावे लागते, कारण शासकीय गुपिते अधिनियम, 1923 प्रतिबंधित स्थळांच्या चित्रणावर बंधने घालतो. मोबाइलमध्येच कॅमेरा आल्यामुळे हे भान आता प्रत्येकालाच हवे. मोबाइल हाती असल्याने वेगळा कॅमेरा घेणेही कमी झाले. जपानी उत्पादक संघटनेच्या आकडेवारीनुसार डिजिटल कॅमेऱ्यांची जागतिक पाठवणी 2010 मध्ये सुमारे 12 कोटी होती; 2020 मध्ये ती एक कोटीच्याही खाली आली.

बारा चित्रांच्या काळात निघालेले प्रत्येक चित्र महाग होते, म्हणूनच ते कागदावर उतरे आणि ट्रंकेतल्या अल्बममध्ये राही; हजारो चित्रांच्या काळात काढणे फुकट झाले, पण चित्रे साठवणारे कार्ड बिघडले किंवा मोबाइल हरवला की वर्षानुवर्षांची वारी एका क्षणात नाहीशी होते. यास्तव परवडणाऱ्या कॅमेऱ्याच्या हिशेबात दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत आणि दरवर्षी काढलेल्या काही प्रिंट यांचा खर्च धरणे आवश्यक आहे. तो धरला, तरच विश्रांतवाडीतून आज जाणारी पालखी पुढच्या पिढीच्या हाती पोहोचेल.