तरणतलावाच्या पाण्याची घरगुती परीक्षा : एक मागोवा



भाषेच्या अध्यापकाने रसायनशास्त्राच्या प्रांतात पाऊल टाकावे, हे थोडे धाडसच होय. परंतु हा विषय शब्दांच्या अर्थाशीही निगडित आहे. तरणतलावाच्या काठी उग्र वास आला, डोळे चुरचुरले, की आपण म्हणतो, ‘आज क्लोरीन जास्त झाले.’ पाण्याच्या परीक्षेचा इतिहास पाहिल्यास हा निष्कर्ष बहुधा उलटा ठरतो.

रंगावरून द्रवाचा गुण ओळखण्याची युक्ती जुनी आहे. व्हायोलेट फुलांचा पाक आम्लात तांबडा व अल्कात हिरवा होतो, हे रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ साली ग्रंथबद्ध केले. या गुणाला अंकांची मोजपट्टी मात्र १९०९ साली मिळाली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (ती बिअरच्या कारखानदाराने स्थापन केलेली, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही) सोरेन्सन यांनी ‘पीएच’ ही कल्पना मांडली. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतील जर्सी सिटीत नळाच्या पाण्यात नियमित क्लोरीन मिसळण्यास प्रारंभ झाला होता.

आता प्रश्न उरला मात्रेचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात विल्यम हॉरॉक्स यांनी ब्रिटिश सैन्यासाठी एक सुटसुटीत पेटी सिद्ध केली. सहा पांढऱ्या पेल्यांत तपासावयाचे पाणी घ्यावयाचे, त्यांत ब्लीचिंग पावडरीचे द्रावण चढत्या प्रमाणात घालावयाचे आणि अर्ध्या तासाने निर्देशक टाकून निळा रंग प्रथम कोणत्या पेल्यात उमटतो ते पाहावयाचे. आपल्याकडील विहिरींच्या शुद्धीकरणासाठी हीच पद्धत सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकांतून पुढे शिकविली गेली.

तलावासाठी दीर्घकाळ ऑर्थोटोलिडीन वापरले जाई. पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे, एवढे कळे; पण त्यातील किती ‘मुक्त’ आणि किती ‘संयुक्त’, हे वेगळे काढणे अवघड होते. भेद तर तेथेच आहे. घाम व मूत्र यांतील नत्रयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने बनतात. उग्र वास त्यांचा. जंतुनाशाचे कार्य प्रामुख्याने मुक्त क्लोरीनचे. न्यूकॅसलचे आर्थर पेलिन यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या डीपीडी पद्धतीने हा भेद सर्वसामान्यांच्या हाती दिला. पहिल्या गोळीने येणारा गुलाबी रंग मुक्त क्लोरीन दाखवितो. पोटॅशियम आयोडाइडयुक्त दुसऱ्या गोळीने तो जितका गडद होतो, तितके क्लोरीन संयुक्त. क्लोरीनला ‘मुक्त’ हे विशेषण ज्याने योजिले, त्याच्या भाषाज्ञानाचे मला कौतुक वाटते.

आज घरगुती पेटीत या गोळ्यांच्या जोडीला पीएचसाठी फिनॉल रेड असते. ते शोभेसाठी नव्हे. पीएच ७.५ असता मुक्त क्लोरीनपैकी सुमारे निम्मे हायपोक्लोरस आम्लाच्या प्रभावी रूपात असते. ८ झाला की जेमतेम चतुर्थांश. तेव्हा क्लोरीनचा आकडा समाधानकारक असूनही पाणी दुर्बळ असू शकते. म्हणून पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखतात.

घरी परीक्षा करणाऱ्यांसाठी एक सूचना आवश्यक आहे. क्लोरीन फारच अधिक असेल, तर डीपीडीचा गुलाबी रंग उमटताच विरून जातो, आणि नळीतील पाणी क्लोरीन नसल्यासारखे नितळ दिसते. अशा वेळी तलावात आणखी पावडर टाकण्यापूर्वी नमुन्यात ऊर्ध्वपातित पाणी मिसळून तो पुन्हा तपासावा आणि आलेला आकडा त्या प्रमाणात वाढवून घ्यावा.