मनाच्या दारावरचा पहारा

आपल्या मंडळाच्या गुरुवारच्या बैठकीत एक प्रश्न वरचेवर निघतो. प्रार्थनेला बसावे आणि नेमका त्याच वेळी मनात नको तो विचार यावा, हे असे का होते? कोणी म्हणते, आपली श्रद्धाच कमी पडते. कोणी म्हणते, सैतानाला तेवढेच काम आहे. भगिनींनो, हा प्रश्न पहिल्यांदा आपल्यालाच पडला असे नाही. सोळाशे वर्षांपूर्वी मिसर देशाच्या वाळवंटात काही पुरुषांनी व काही स्त्रियांनी याच एका प्रश्नापायी सारे आयुष्य घालविले. त्यांची हकीकत यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहून द्यावी असे वाटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण त्यांतलीही पुष्कळ माणसे शेतकरी कुळांतली व अक्षरशत्रू होती, म्हणून धीर केला.

इ. स. ३१३ मध्ये रोमी साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ थांबला. धर्म सोपा झाला. ज्यांना हे सोपेपण मानवेना, ते नाइल नदीच्या काठची गावे सोडून वाळवंटात जाऊन राहू लागले. त्यांच्यात सर्वांत प्रसिद्ध संत अंतोनी. छळ थांबण्याच्या कितीतरी आधीच तो घराबाहेर पडला होता आणि इ. स. ३५६ मध्ये अतिवृद्ध होऊन वारला. त्याचे चरित्र अलेक्झांड्रियाचे बिशप अथनाशियस यांनी लिहिले आहे. श्रीमंत तरुणाला प्रभूने दिलेले उत्तर मंदिरात वाचले जात असताना अंतोनीने ऐकले, आणि आईबापांची जमीन देऊन टाकून तो निघाला. धाकटी बहीण होती, तिला विश्वासू कुमारिकांच्या हवाली केले. (तिला कोणी विचारले होते का, हे माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.) एकान्तात गेल्यावर त्याला प्रथम छळले ते कशाने? शिंगे असलेल्या भुतांनी नव्हे, ती चित्रे पुढची. आधी आले ते साधे विचार: सोडलेल्या घरादाराची आठवण, बहिणीची काळजी, नातलगांची ओढ, पैशाची व चांगल्या जेवणाची इच्छा. माणूस गाव सोडून जातो, पण मन गाठोड्यात बांधून बरोबरच नेतो.

अंतोनीने आपल्या शिष्यांना यावर एक युक्ती सांगितली होती. प्रत्येकाने मनात येईल ते लिहून काढावे, जणू ते दुसऱ्याला वाचून दाखवायचे आहे. कागदाचीच लाज वाटेल आणि वाईट विचार आपोआप कमी होतील. ही युक्ती करून पाहण्याजोगी आहे, मात्र वही कुलुपात ठेवावी.

पण मनातल्या विचारांचे खरे शास्त्र बसविले ते एवाग्रियस या माणसाने. त्याची कथा आपल्या मंडळाने मुद्दाम ऐकावी अशी आहे, कारण तिच्या मध्यावर एक बाई उभी आहे. एवाग्रियस काळ्या समुद्राजवळच्या पोंत प्रांतातला, इ. स. ३४५ च्या सुमारास जन्मलेला. मोठा विद्वान, वादात कोणाला हार न जाणारा. राजधानी कॉन्स्टँटिनोपल येथे तो मंडळीत डीकन होता. तेथे एका मोठ्या अधिकाऱ्याच्या बायकोवर त्याचे मन बसले व तिचे त्याच्यावर. एका रात्री पडलेल्या स्वप्नाने घाबरून तो शहर सोडून यरुशलेमेला पळाला. पण तेथेही पुन्हा चांगले कपडे आणि दिमाख सुरू झाला, आणि मग तापाने त्याला जे धरले ते महिनोन् महिने सोडीना. वैद्यांनी हात टेकले. तेव्हा मेलानिया नावाच्या रोमी विधवेने, जिने आपली अफाट संपत्ती धर्मकार्याला लावून तेथे मठ बांधला होता, त्याला सरळ विचारले की, हे दुखणे मला नेहमीचे दिसत नाही, तुझ्या मनात काय आहे ते सांग. त्याने सारे सांगितले. संन्यास घेण्याचे वचन तिने त्याच्याकडून घेतले, त्यासाठी प्रार्थना केली, आणि तो थोड्याच दिवसांत बरा झाला. मग तो मिसरात गेला आणि इ. स. ३९९ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. पोथ्यांच्या नकला करून तो पोट भरीत असे.

त्याने मनाला त्रास देणारे विचार आठ जातींत बसविले: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, लोकांनी वाहवा करावी ही इच्छा, आणि गर्व. आपल्याकडचे षड्रिपू सर्वांना माहीत आहेत. त्यांच्याशी ही यादी ताडून पाहिली तर काम, क्रोध, लोभ, मद येथेही भेटतात. पण खिन्नता व कंटाळा हे दोन शत्रू आपल्या सहांत नाहीत. वाळवंटातल्या लोकांनी मात्र कंटाळ्यालाच सगळ्यांत जड म्हटले आहे. एवाग्रियस त्याला दुपारचा सैतान म्हणतो. हे नाव ९१ व्या स्तोत्रावरून आले. तो सकाळी दहाच्या सुमारास येतो व दुपारी दोनपर्यंत हलत नाही. सूर्य जागचा सरकत नाहीसे वाटते. संन्यासी सारखा खिडकीकडे बघतो, जेवणाची वेळ झाली का, कोणी भेटायला येते आहे का. मग ती जागा नकोशी होते, हातातले काम नकोसे होते. कोणाला आपली माया उरली नाही असे वाटू लागते, आणि कोणी नुकतेच काही बोलले असेल तर तेही नेमके तेव्हाच आठवते. मग माहेरची माणसे, पूर्वीचे दिवस, आणि पुढे पडलेले लांबलचक आयुष्य डोळ्यांपुढे उभे राहते. सकाळचा डबा देऊन झाला आहे, भांडी घासून झाली आहेत आणि घरात कोणी नाही, अशी वेळ ज्या बाईने काढली आहे तिला हे मिसरातले वर्णन आहे असे सांगावे लागते, एरवी ओळख पटायला वेळ लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. एवाग्रियस सांगतो की, हे आठही विचार मनात यावेत की न यावेत हे आपल्या हाती नाही. त्यांना बसायला पाट द्यावा की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे. म्हणून मनाच्या दारावर पहारेकऱ्यासारखे उभे राहावे, आणि येईल त्या विचाराला विचारावे, तू आमच्यापैकी की शत्रूकडचा? यरीहोजवळ नंगी तलवार घेतलेल्या पुरुषाला यहोशवाने असेच विचारले होते.

हे मला इतके महत्त्वाचे का वाटते ते सांगते. माझ्या ओळखीच्या एका बाईचा नवरा चार वर्षे अंथरुणाला खिळून होता. तिने त्याचे सगळे केले. एका रात्री त्याची कूस बदलताना तिच्या मनात आले, देवा, आता सोडव. नवऱ्याला की आपल्याला, हे तिचे तिलाही कळले नाही. तो विचार क्षणभर आला व गेला. पुढे तो गृहस्थ वारला, आणि या बाईने प्रभुभोजन घेणे सोडले. आपण मनात त्याचा जीव घेतला असे तिला वाटे. डोंगरावरील प्रवचनात मनातले पापही पापच म्हटले आहे ना, असे ती विचारी. कोणीतरी तिला तसेच समजावूनही दिले होते.

वाळवंटातली माणसे तिला काय म्हणाली असती? त्यांनी डोंगरावरील प्रवचन वाचले नव्हते असे नाही. पण त्यांच्या मते तेथे दोष सांगितला आहे तो मुद्दाम मनात धरून पाहणाऱ्याचा. प्रभूची स्वतःची परीक्षा रानातच झाली. भाकरीचा विचार, वैभवाचा विचार त्याच्यापुढेही आणला गेला. नुसता विचार पुढे येणे हेच पाप असते तर प्रभूविषयी काय म्हणावे लागेल? त्याने प्रत्येक वेळी शास्त्रवचनाने उत्तर दिले, आणि तोच कित्ता गिरवून एवाग्रियसने एक पुस्तक केले. आठांपैकी कोणता विचार आला तर पवित्र शास्त्रातले कोणते वचन त्याच्या तोंडावर मारावे, अशी जवळजवळ ५०० वचने त्यात एकत्र केली आहेत. घरात औषधांची पेटी असते ना, तसे ते पुस्तक.

मेंढपाळ या अर्थाचे नाव असलेला पोइमेन म्हणून एक वृद्ध गुरू होता. मनात फार विचार येतात अशी तक्रार घेऊन एक जण आला, तेव्हा त्याने त्याला बाहेर उघड्यावर नेले व सांगितले, हा वारा धरून दाखव. ते जमेना. हे जमत नाही तर विचार यायचे थांबविणेही जमणार नाही, तुझे काम त्यांना विरोध करण्याचे, असे पोइमेन म्हणाला. दुसऱ्या एकाला तो म्हणाला, कपड्यांची पेटी बरेच दिवस तशीच ठेवली तर आतले कपडे कुजून जातात. विचारांप्रमाणे वागलो नाही तर तेही असेच कुजतात. मात्र हाच पोइमेन असेही सांगे की, जो आपले विचार कोणालाच सांगत नाही त्याच्यावर सैतान फार खूष असतो. आता पेटी बंद ठेवावी की उघडावी? मला वाटते, वागण्याच्या बाबतीत बंद ठेवावी, आणि विश्वासाच्या एका माणसापुढे उघडावी. चारचौघींत नव्हे.

या वाळवंटातल्या वडीलधाऱ्यांची वचने पुढे नावांच्या क्रमाने एकत्र लिहिली गेली. शंभरावर पुरुषांच्या त्या संग्रहात तीन स्त्रिया आहेत: थिओडोरा, सारा व सिंक्लेटिका. त्यांना अम्मा म्हणत. सिंक्लेटिका अलेक्झांड्रियाच्या श्रीमंत घरातली. आईबाप वारल्यावर तिने सारे वाटून टाकले, केस कापले, आणि आंधळ्या बहिणीला घेऊन गावाबाहेर घराण्याच्या थडग्यात राहू लागली. इतर बायका तिच्याकडे शिकायला येत. तिचे बोलणे वाचताना चुलीपुढे बसल्यासारखे वाटते. ती म्हणे, देवाकडे जाणाऱ्याला आरंभी कष्टच फार. चूल पेटविताना आधी धूर होतो, डोळ्यांना पाणी येते, मग कोठे जाळ लागतो. गलबत बुडते ते कधी बाहेरच्या लाटेने, तर कधी तळात हळूहळू साठलेल्या पाण्याने. बाहेरची वागणूक नीट आणि आत विचारांचे पाणी चढते आहे असे होऊ देऊ नका. रागाविषयी ती म्हणे, ज्याने दुखविले त्याचा द्वेष का करता? दुखण्याचा द्वेष करावा, दुखणाइताचा नव्हे. आणि राग सूर्य मावळेपर्यंत ठेवू नये असे पौलाने सांगितले असता तुम्ही आयुष्य मावळेपर्यंत का ठेवता? हा प्रश्न आपल्या जावाजावांनी आणि नणंदा-भावजयांनी घरी जाऊन विचारात घ्यावा.

थिओडोरा एका संन्याशाची गोष्ट सांगे. प्रार्थनेला उठले की त्याला थंडी वाजून ताप भरे व डोके दुखे. शेवटी तो स्वतःला म्हणाला, आता मी मरणारच, तर मरण्यापूर्वी उठून प्रार्थना करून घेऊ. प्रार्थना संपली तेव्हा तापही उतरला होता.

ही विद्या मिसरातून युरोपात नेली योहान कासियन याने. तो कित्येक वर्षे मिसरात राहून आला होता, आणि इ. स. ४१५ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे त्याने दोन मठ काढले, एक पुरुषांचा व एक स्त्रियांचा. त्याने मोशे नावाच्या गुरूच्या तोंडी जी उपमा दिली आहे ती मला सगळ्यांत आवडते. मन म्हणजे पाण्यावर फिरणारे जाते. पाणी वाहते आहे तोवर ते थांबणार नाही. पण त्यात गहू घालावा, जव घालावे की निकामी तण, हे दळणाऱ्याच्या हाती आहे. आमच्या आजीच्या जात्याला थांबविणे तिच्या हाती होते, एवढाच फरक. पण खुंटा हाती आला की ती ओवी सुरू करी, आणि मग भांडणाचे बोलणे तेथे शिरत नसे.

कासियननेच सेरापिओनची गोष्ट दिली आहे. हा लहानपणी एका वृद्ध गुरूजवळ राही. रोज जेवण झाले की एक भाकर गुपचूप छातीशी कपड्यात लपवी व मागाहून एकटा खाई. चोरीचे दुःख खाण्याच्या सुखाहून मोठे होई, तरी सवय सुटेना. एके दिवशी आलेल्या पाहुण्यांपुढे गुरू लपविलेल्या विचारांविषयी बोलू लागले. पोराला वाटले, हे सारे माझ्यासाठीच. तो रडू लागला, आणि सर्वांसमक्ष त्याने कपड्यातून त्या दिवशीची भाकर काढून पुढे ठेवली. गुरू म्हणाले, मी काही बोलण्यापूर्वीच तू सुटलास.

पुढे रोमचा पोप ग्रेगरी (इ. स. ५९० ते ६०४) याने ही यादी पुन्हा लावली. गर्वाला सगळ्यांचे मूळ म्हणून बाजूला काढले, कंटाळा खिन्नतेत मिसळला, आणि मत्सर नव्याने घातला. मिसरातल्या यादीत मत्सर नव्हता हे वाचून मला जरा हसूच आले. वाळवंटात शेजार लांब असावा. त्यातूनच पुढे सात मोठ्या पापांची यादी झाली व तीच जगभर गेली. पण या प्रवासात एक गोष्ट वाटेत सांडली असे मला वाटते. एवाग्रियसच्या यादीचे नाव आठ विचार असे होते. विचार दारात अडविता येतो. विचारांचे दोष झाले, दोषांचे पाप झाले, म्हणजे माणूस दारात न अडविता एकदम न्यायासनापुढेच उभा राहिला. आणि ज्याने दार दाखविले त्या एवाग्रियसचे नावही मागे पडले. आत्म्यांविषयीची त्याची काही मते इ. स. ५५३ च्या सुमारास पाखंडी ठरली. त्याच्या काही पुस्तकांना दुसऱ्याचे नाव लावून लोकांनी ती जपली, आणि ते वचनांचे पुस्तक मूळ ग्रीक भाषेत नाहीसे होऊन सिरियाक व आर्मेनियन भाषांतरांत तेवढे उरले.

अम्मा सारा नदीकाठी एका खोलीत साठ वर्षे राहिली. तिला कामवासनेच्या विचाराने तेरा वर्षे छळले. हे युद्ध थांबव असे तिने देवाला एकदाही म्हटले नाही, शक्ती दे एवढेच म्हटले.

ही साराची हकीकत मी त्या ओळखीच्या बाईंना एकदा गव्हाचे निवडण करता करता सांगितली. त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, “तेरा वर्षे तिच्या मनात ते येत होते, आणि तरी लोक तिला अम्मा म्हणत होते?” मी म्हटले, हो. त्या काही बोलल्या नाहीत, पुन्हा सूप घेतले. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी त्या माझ्या बाकावर येऊन बसल्या.