हात तयार आहे, कागद कुठे आहे? फिटर-टर्नर होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी अप्रेंटिसशिपची माहिती

वरळीच्या बीडीडी चाळींचं रूप बदलतंय. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर मोठं झालं, ही आनंदाचीच गोष्ट. पण नव्या घरात राहायचं तर महिन्याचा खर्चही वाढतो, आणि मग घरातल्या तरुण मुलाच्या कमाईचा प्रश्न पुढे येतो.

चाळीतल्या जुन्या पिढीला हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला होता. वडील किंवा चाचा गिरणीच्या मेकॅनिक खात्यात असायचे, मुलगा बदली म्हणून लागायचा आणि मोठ्यांच्या हाताखाली काम शिकायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर हळूहळू तो रस्ता बंद झाला. आज आपल्यातली बरीच मुलं दहावीनंतर गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली लागतात. चार-पाच वर्षांत मुलगा इंजिन उघडून पुन्हा बसवू लागतो. पण रेल्वेची, गोदीची किंवा एखाद्या कंपनीची जाहिरात निघाली की तो अर्जसुद्धा भरू शकत नाही. कारण हात तयार असतो, कागद नसतो. तो कागद कसा मिळवायचा, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

अप्रेंटिस आणि हेल्पर यांत फरक काय?

अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार. त्याला ‘अप्रेंटिसेस ॲक्ट, १९६१’ हा कायदा लागू होतो. मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो आणि तो सरकारकडे नोंदवला जातो. दरमहा ठरलेलं विद्यावेतन मिळतं, मुदत संपल्यावर परीक्षा होते आणि पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. हेल्परच्या बाबतीत यातलं काहीच नसतं, मग तो कितीही चांगलं काम करत असो.

कंपनी हे उपकार म्हणून करते, असंही समजू नका. ज्या आस्थापनेत ३० किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात, तिने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणं नियमाने बंधनकारक आहे.

आधी आयटीआय केलेली बरी

आयटीआय न करताही काही ठिकाणी थेट अप्रेंटिस म्हणून घेतात. पण आमचा सल्ला आधी आयटीआय करण्याचा आहे, कारण त्यामुळे जास्त दारं उघडतात. मेकॅनिकल क्षेत्रातले मुख्य ट्रेड असे:

- फिटर, टर्नर, मशिनिस्ट, मोटार मेकॅनिक: प्रत्येकी २ वर्षं
- वेल्डर, डिझेल मेकॅनिक: प्रत्येकी १ वर्ष

फिटरच्या मुलाच्या हातात सुरुवातीला कानस देतात. लोखंडी पट्टी घासून चारही बाजू काटकोनात आणायच्या आणि गुण्या लावून तपासायच्या. पट्टी आणि गुण्याच्या मध्ये उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. अनेक मुलं इथेच कंटाळतात आणि घरी येऊन सांगतात, ‘दिवसभर नुसतं लोखंड घासून घेतात.’ घरच्यांनी अशा वेळी धीर द्यावा, कारण हात इथेच बसतो. पुढे व्हर्नियरने ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटरने ०.०१ मिलिमीटरपर्यंत माप घ्यायला शिकतात, ड्रॉइंग वाचायला शिकतात. टर्नरचा मुलगा लेथवर फेसिंग, टर्निंग, टेपर आणि आटे पाडणं शिकतो. गॅरेजमध्ये अंदाज शिकायला मिळतो, मोजमाप आणि ड्रॉइंग बहुधा राहून जातं. कारखान्यात नेमकी त्याचीच गरज असते.

शासकीय आयटीआयचा प्रवेश दरवर्षी दहावीच्या निकालाच्या सुमारास राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत ऑनलाइन होतो. वरळीच्या मुलांना लोअर परळची आणि ‘मुंबई-११’ म्हणून ओळखली जाणारी आयटीआय जवळ पडते. काही शासकीय आयटीआयमध्ये अल्पसंख्याकांसाठी वेगळ्या तुकड्याही आहेत, अर्ज भरताना तो पर्याय जरूर बघा. मुलींसाठीही राखीव जागा असतात. लेथ चालवायला ताकदीपेक्षा नजर आणि शिस्त जास्त लागते, त्यामुळे मुलीला आवड असेल तर अडवू नका.

अप्रेंटिसशिप जवळपास कुठे मिळते?

रेल्वेचे तीन मोठे कारखाने वरळीपासून फार लांब नाहीत: पश्चिम रेल्वेचा लोअर परळचा, मध्य रेल्वेचा परळचा आणि माटुंग्याचा. लोअर परळचा कारखाना १८७१ चा, परळचा १८७९ चा. जांबोरी मैदानाकडून लोअर परळला तर पायीसुद्धा जाता येतं. दोन्ही रेल्वेंच्या जाहिराती त्यांच्या भरती कक्षाच्या वेबसाइटवर निघतात. वय १५ ते २४, दहावीला किमान ५० टक्के आणि आयटीआय पास, अशी अट असते. ओबीसींना वयात ३ वर्षांची सूट मिळते. लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांची सरासरी काढून यादी लागते. म्हणून ‘आयटीआयला नुसतं पास झालो तरी चालेल’ हा समज काढून टाका.

माझगाव डॉकची स्वतःची अप्रेंटिस शाळा आहे. तिथे आठवी पास, दहावी पास आणि आयटीआय पास अशा तीन गटांत भरती होते आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. खासगी कारखान्यांच्या जागा केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर दिसतात. तिथे नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. नोंदणीसाठी कोणी पैसे मागत असेल तर सावध राहा.

विद्यावेतन किती?

२०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांत दरमहा किमान रक्कम अशी ठरवली होती: दहावी पास असल्यास ६,००० रुपये, बारावी पास असल्यास ७,००० आणि आयटीआय प्रमाणपत्र असल्यास ७,७००. दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी आणखी १५ टक्के वाढ मिळते. ही तेव्हाची किमान रक्कम होती. नियमांत पुढे वाढही होऊ शकते, त्यामुळे जाहिरातीतला आणि करारातला आकडा बघा.

सरकारी प्रोत्साहन योजनेत बसणाऱ्या उमेदवारांच्या विद्यावेतनाचा काही भाग, १,५०० रुपयांपर्यंत, सरकार थेट बँक खात्यात जमा करतं. त्यासाठी खातं आधारला जोडलेलं हवं.

सही करण्याआधी हे वाचा

मुलगा १८ वर्षांखालचा असेल तर करारावर पालकाची सही लागते. म्हणून अब्बांनी किंवा अम्मींनी स्वतः विचारून घ्यावं:

- करार नोंदवला आहे का? नोंदणी क्रमांक काय?
- कोणता ट्रेड, किती मुदत? फिटरचा करार असेल तर मुलाला फक्त माल उचलायला ठेवता येत नाही.
- रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आणि ओव्हरटाइमवर अप्रेंटिसला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय ठेवता येत नाही.
- कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते.
- करार मध्येच मोडला तर काय? चूक मालकाची असेल तर तो भरपाई देतो, उमेदवाराची असेल तर प्रशिक्षणाचा खर्च परत मागितला जाऊ शकतो. जामीन राहणाऱ्याने हे नीट समजून घ्यावं.

तक्रार असेल तर भांडून काम सोडू नका. सल्लागाराकडे लेखी द्या. काही आयटीआयमध्ये ‘मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्र’ असतं, तिथे चौकशी करता येते.

नोकरीची हमी नाही

हे स्पष्ट सांगायला हवं. अप्रेंटिसशिप पूर्ण केली म्हणून कंपनीने नोकरी दिलीच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. ‘इथे अप्रेंटिस केलं की परमनंट करतो’ असं तोंडी सांगणाऱ्यावर विसंबू नका. मात्र फायदा नक्की आहे. रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा ठेवतात, पण परीक्षा द्यावी लागतेच. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाटही आहे. भायखळ्याचं साबू सिद्दिक पॉलिटेक्निक आपल्या ओळखीचंच आहे. आखातात जायचं असेल तरी कागद विचारला जातो, सौदीत तर वेल्डरसारख्या कामांसाठी व्हिसाआधी कौशल्य परीक्षा घेतात.

गॅरेजमध्ये आधीच लागलेल्या मुलाने काय करावं?

दहावी पास असेल तर आयटीआयचा अर्ज भरा, एक-दोन वर्षं उशीर झाला तरी चालतो. दहावी राहिली असेल तर ती आधी पूर्ण करा. पूर्वीचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देणारी सरकारी योजनाही आहे, पण ते प्रमाणपत्र आयटीआयच्या बरोबरीचं नाही, हे लक्षात ठेवा. उस्तादाकडे शिकलेलं वाया जात नाही, त्याला कागदाची जोड मिळाली की त्याची किंमत वाढते.

कागदपत्रं आजच बघून ठेवा

आपल्याकडे सर्वांत जास्त अडचण नावाची होते. दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘शेख’ आधी, आधारवर शेवटी, कुठे ‘मोहम्मद’ तर कुठे नुसतं ‘मो.’. दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे बाकी सगळं एकसारखं करून घ्या.

बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या समाजांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर वेळेत काढावं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महाराष्ट्रातला रहिवास दाखवावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि चाळीची जुनी भाडेपावती इथे कामाला येते. नव्या इमारतीत सामान हलवताना पत्र्याच्या पेटीतले हे जुने कागद रद्दीत घालू नका. मुलाच्या ॲडमिशनच्या वेळी तेच शोधावे लागतील.