शेपटीच्या आकड्याची कुळकथा

लिनक्समधल्या शेअर्ड लायब्ररीच्या नावाला शेपटी असते: लिबसी.एसओ.६, लिबजीफोर्ट्रान.एसओ.५, लिबएचडीएफ५.एसओ.१०३. वैज्ञानिक सॉफ्टवेअर बसवताना जी भांडणे होतात, त्यांतली बरीचशी या शेवटच्या आकड्यावरून होतात.

नागपूरचा पाऊस घेऊ. हवामान खात्याचे पुणे कार्यालय १९०१ पासूनच्या दैनिक पावसाची आकडेवारी पाव-पाव अंशाच्या जाळीवर, नेटसीडीएफ फाइलींत देते. जाळीत आडवे १३५ आणि उभे १२९ बिंदू आहेत. नागपूरला सर्वांत जवळचा बिंदू २१.२५ अंश उत्तर, ७९ अंश पूर्व. त्या एका बिंदूचा पाऊस वेगळा काढायला वीस-पंचवीस ओळींचा फोर्ट्रान प्रोग्रॅम पुरतो. पण तो प्रोग्रॅम नेटसीडीएफच्या खांद्यावर, नेटसीडीएफ एचडीएफ५च्या खांद्यावर, एचडीएफ५ झेडलिबच्या खांद्यावर आणि सगळेच लिबसीच्या खांद्यावर उभे असतात. दहीहंडीच्या या थरांत खालचा एक गडी बदलला, की वरचे कोसळतात.

१९७०च्या दशकातल्या युनिक्सवर हा प्रश्नच नव्हता. प्रत्येक प्रोग्रॅम लागणाऱ्या रूटीनची प्रत स्वतःच्या पोटात घेऊन फिरे. ऐन वेळी जोडणी करण्याची कल्पना त्याआधीच, साठच्या दशकात, मल्टिक्समध्ये आली होती. पण युनिक्सने ती उचलली नाही. पुढे खिडक्यांचे, चित्रांचे प्रोग्रॅम आले, त्यांच्या लायब्ररी फुगल्या आणि तीच प्रत दहादा डिस्कवर व दहादा मेमरीत ठेवणे परवडेना. सनच्या सनओएस ४.० मध्ये (१९८८) शेअर्ड लायब्ररी आली आणि तिच्या नावामागे दोन आकडे लागले. दुसरा वाढला तर जुने प्रोग्रॅम चालत राहणार. पहिला वाढला तर मोडणार. ईएलएफ या फाइल-प्रकारात हे नाव फाइलच्या आतच कोरले जाऊ लागले. त्याला सोनेम म्हणतात. प्रोग्रॅम जोडताना सोनेमची नोंद त्याच्यात उतरते आणि चालवताना डायनॅमिक लिंकर नेमके तेच नाव शोधतो. म्हणजे शेपटीचा आकडा ही सॉफ्टवेअरची आवृत्ती नव्हे. एचडीएफ५ची आवृत्ती १.१०, पण तिच्या सोनेमचा आकडा १०३.

लिबसीच्या ६ची गोष्ट जरा भाऊबंदकीची आहे. नव्वदीच्या सुरुवातीला लिनक्सच्या मंडळींनी जीएनयूची सी लायब्ररी (ग्लिबसी) घेऊन आपली वेगळी चूल मांडली. त्या घरातले आकडे वाढत ५ वर गेले. १९९७ मध्ये ग्लिबसी २.० आली, तेव्हा लिनक्स पुन्हा मूळ घरी परतले. पण ५ हा आकडा वापरलेला, म्हणून नवीन फाइलला ६ मिळाला. आज ग्लिबसी २.३० च्याही पुढे गेली, तरी शेपटी ६च आहे, कारण २.१ पासून एकेका फंक्शनलाच आवृत्तीची चिठ्ठी लागते. म्हणूनच उबुंटू २२.०४ वर बांधलेला प्रोग्रॅम सेंटओएस ७ च्या क्लस्टरवर नेला की लिबसी.एसओ.६ सापडते, पण 'ग्लिबसी २.३४ नाही' अशी तक्रार येते. तिथली ग्लिबसी २.१७ आहे.

फोर्ट्रानवाल्यांना खरा फटका दोन वर्षांत दोनदा बसला. जीसीसी या कंपायलरच्या आवृत्ती ७ (२०१७) ने लिबजीफोर्ट्रानचा आकडा ३ चा ४ केला, जीसीसी ८ (२०१८) ने ४ चा ५. अशा वेळी अनेक जण नव्या फाइलला जुन्या नावाची लिंक देतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! अॅरेची लांबी-रुंदी सांगणारे टिपण जीसीसी ८ मध्ये नव्या मांडणीचे झाले आहे. जुना प्रोग्रॅम ते जुन्याच क्रमाने वाचतो. मग तो मध्येच कोसळतो, किंवा, जे जास्त वाईट, न कोसळता चुकीचा पाऊस दाखवतो. एचडीएफ५ इथे कडक आहे: बांधताना आणि चालवताना आवृत्ती जुळली नाही तर ती इशारा छापून प्रोग्रॅम तिथेच थांबवते. ही तपासणी बंद करण्याची सोयही आहे. ती न वापरलेली बरी.

अशा बिघाडांचे निदान बहुधा दोन-तीन पायऱ्यांत होते. एलडीडी ही आज्ञा प्रोग्रॅमला कोणती लायब्ररी कुठून मिळते ते दाखवते; समोर 'नॉट फाउंड' आले तर दोष उघडच असतो. फसवे प्रकरण वेगळे: फाइल सापडते, पण भलत्याच जागेची. तेव्हा एलडी_लायब्ररी_पाथ हा चल पाहावा. कुणीतरी तो कधीकाळी .बॅशआरसीमध्ये घातलेला असतो आणि विसरलेला असतो. तो कायमचा ठेवण्यापेक्षा प्रोग्रॅम जोडतानाच त्यात लायब्ररीचा मार्ग आरपाथ म्हणून लिहिणे चांगले.

संगणकांच्या मोठ्या घरांत यावर १९९१ पासून एन्व्हायर्नमेंट मॉड्यूल्स हा तोडगा आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतला महासंगणक प्रत्यूष (२०१८) ज्या क्रे एक्ससी४० घराण्यातला आहे, तिथे 'मॉड्यूल लोड' ही रोजची आज्ञा. २०१२ मध्ये आलेल्या कोंडाने प्रत्येक प्रकल्पाला लायब्ररींचे वेगळे घर दिले, पण ग्लिबसी यजमानाचीच ठेवली. सिंग्युलॅरिटीसारखे कंटेनर ग्लिबसीही सोबत नेतात. सत्तरीतली 'आपली प्रत आपल्या पोटात' पद्धत अशी परत आली, फक्त पोट काही गिगाबाइटचे झाले. त्यातही एनव्हीडियाचे कार्ड वापरायचे असेल, तर लिबकुडा.एसओ.१ यजमानाकडूनच उसनी घ्यावी लागते, कारण ती यजमानाच्या ड्रायव्हरशी जुळलेली असते.